मेलेल्याजवळ बसायचा नियम

"चाललो," असं म्हणून जो माणूस पुढचा अर्धा तास दारातच उभा राहतो, तसा एखादा तुमच्याही ओळखीत असेल. आमचे काका त्यातलेच. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत माझं पिको-फॉलचं दुकान आहे. गाळा काकांचा, वरचं घरही त्यांचंच. सकाळी मी शटर वर केलं की जिन्यावर चपला वाजायच्या. चौकटीला खांदा टेकवून ते विचारायचे, झाली का बोहनी? मी स्टूल पुढं सरकवायची. बसा ना काका. त्यावर त्यांचं ठरलेलं, "नाय नाय, चाललो." मग माझ्या दोन साड्यांचा फॉल लावून व्हायचा तरी काका तिथंच उभे.

सुरुवातीला मला वाटायचं, घरमालक आहे, नजर ठेवून असतो. माझं मन असलंच आहे, सरळ कधी चालत नाही. पण नजर ठेवणारा माणूस बघतो तरी. काका बघायचे नाहीत, नुसते ऐकायचे. गिऱ्हाइकांच्या कटकटी, मशीनचा आवाज, माझं आणि माझ्या नवऱ्याचं फोनवरचं भांडण. सगळं ऐकून झालं की पुन्हा एकदा "चाललो" म्हणायचे आणि मग मात्र खरंच जायचे.

तुम्ही या भागातले असाल तर काकांना तुम्ही पाहिलं नसेल, पण ऐकलं नक्की आहे. बसस्टँडवर गाड्यांची घोषणा करायचे ते. "कन्नडमार्गे चाळीसगावला जाणारी गाडी फलाटावर लागलेली आहे," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकत ऐकत किती पोरी सासरी गेल्या आणि किती पोरं शिकायला गेली. आवाज सगळ्यांच्या ओळखीचा, चेहरा कुणाच्याच नाही. मंडईत त्यांनी मेथीचा भाव विचारला की भाजीवाली आधी वर बघायची, भोंगा कुठं लावलाय म्हणून.

लग्न केलं नव्हतं. का नाही केलं, ते मी एकदा तोंड वर करून विचारलं. "राहून गेलं," असं म्हणून त्यांनी लगेच माझ्या मशीनचा पट्टा सैल झालाय ते दाखवलं. स्वतःबद्दल काही विचारलं की काकांना नेहमी दुसऱ्याचं काहीतरी सैल झालेलं दिसायचं. एक भाचा कन्नडला आहे, एवढं मला माहीत होतं. त्यापलीकडं काही नाही.

आता ही असली व्यक्ती राक्षस, जादूगार आणि तलवारींच्या खेळात कशी पडली, ते सांगते.

वरच्या एका खोलीत तेजस नावाचा पोरगा भाड्यानं राहायचा. देवगाव रंगारीचा, इथं इंजिनिअरिंग शिकायला आलेला. त्याचे मित्र रविवारी दुपारी जमायचे आणि एक खेळ खेळायचे. मला तो समजायला फार दिवस लागले, तुम्हाला दोन वाक्यांत सांगते. टेबलाभोवती बसायचं, एकजण गोष्ट सांगतो आणि बाकीचे त्या गोष्टीतले गडी होतात, कुणी जादूगार, कुणी तलवारवाला, कुणी चोर. दारामागं काय आहे ते खेळवणारा सांगतो, आपण काय करणार ते आपण सांगायचं, आणि ते जमलं का फसलं हे फासा सांगतो. फासाही आपला नेहमीचा नाही, बोराएवढा आणि वीस बाजूंचा.

खेळवणारा मित्र पुण्याला नोकरीला गेला आणि खेळ बंद पडायला आला. तेव्हा काका म्हणे दारातच उभे होते, अर्थातच "चाललो" म्हणून. पोरं तोंडं पाडून बसलेली बघून त्यांनी टेबलावर बोटानं टकटक केलं, माईकवर करतात तसं, आणि सुरू झाले: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. उत्तरेकडील डोंगरातून एक राक्षस निघालेला आहे. तो वाटेत कुठेही थांबणार नाही." पोरं जी ओरडली, ती मला खाली ऐकू आली. त्या दिवसापासून काका खेळवणारे झाले आणि टेबल काकांच्या खोलीत गेलं. इंग्रजी पुस्तक तेजस वाचून दाखवायचा. त्यातलं काका पटेल तेवढं घ्यायचे, बाकीचं राहू दे म्हणायचे.

मी वर गेले ती भांडायला. ऐन लग्नसराईत रविवारी दुकान उघडं ठेवलेलं, नवरीची मावशी समोर बसलेली, आणि वरून आवाज, "मुंडकं उडवा त्याचं!" मावशी घाबरली. मी कात्री हातात घेऊनच जिना चढले. काका टेबलाच्या कडेशी उभे, खेळवतानाही ते उभेच असायचे. माझ्या हातातल्या कात्रीकडं बघून म्हणाले, बरं झालं ताई, आम्हाला एक चोर कमी पडतोय. त्यांनी अशी काही खुर्ची ओढली, की पुढं कित्येक रविवार मी त्या खुर्चीत होते. गड्यांच्या सोंगट्या म्हणून माझ्याच दुकानातली बटणं वापरायला लागले.

तेजसचे मित्र एकेक करून गळत गेले आणि आम्ही चौघं उरलो. तेजस, मी, क्रांती चौकात मोबाइल दुरुस्त करणारा इम्रान, आणि समोरच्या गल्लीतली सुजाता. ती दवाखान्यात नर्स. काकांना इंजेक्शन द्यायला म्हणून वर आली आणि तिथलीच झाली.

मरणाचा प्रश्न तेजसमुळं आला. त्याचा जादूगार एका पुलावरून पडून मेला. पुस्तकात त्यावर सोय आहे म्हणे. पुजाऱ्यानं मोठा हिरा खर्ची घालून मंत्र म्हटला की मेलेला उठतो. काकांना ते अजिबात पटलं नाही. "हिरा दिला की माणूस उठतो व्हय? मग श्रीमंताच्या घरी तेरावं कुणी जेवलंच नसतं," असं म्हणून त्यांनी निकाल दिला: मेला तो मेला, नवीन गडी घे.

पुढच्या रविवारी तेजस आलाच नाही. आला नाही म्हणजे काय, शेजारच्याच खोलीत दार लावून बसला. फुगला होता. काका गोष्ट सांगत होते पण लक्ष त्या बंद दाराकडं. राक्षस बोलता बोलता मध्येच थांबायचा. शेवटी त्यांनी खेळ लवकर आटोपला.

त्यानंतरच्या रविवारी त्यांनी नवा नियम सांगितला. ते म्हणाले, "आपल्यात मेलेल्याला एकटं ठेवत नाय. कुणीतरी जवळ बसतंच. मग इथं का ठेवायचं एकटं?" इम्रान म्हणाला, "हमारे में भी वैसाच है, काका." झालं, दोन्हीकडून मंजुरी मिळाली.

नियम असा. गडी मेला तरी माणसानं रविवारी यायचंच. टेबलाशी बसायचं नाही, गॅलरीत बसायचं. जिवंतांपैकी कुणीतरी आपला डाव सोडून त्याच्याजवळ जाऊन बसायचं, खेळ संपेपर्यंत. खेळाचा विषय काढायचा नाही. दिवेलागणीला दोघांनी आत यायचं, आणि बसणाऱ्यानं त्या माणसाबद्दल, गड्याबद्दल नव्हे, एक गोष्ट सांगायची, त्याला विचारून. ती टेबलावर कुणालाच माहीत नसली तर गडी उठला. एकजण जरी म्हणाला की हे मला माहीत होतं, तर पुढच्या रविवारी पुन्हा गॅलरी.

ऐकायला पोरखेळ वाटतो. मीही तोंड वाकडं केलं होतं. एवढ्या उन्हात गॅलरीत बसून एकमेकांशी काय बोलायचं? पण तेजसजवळ इम्रान बसला आणि संध्याकाळी आत येऊन म्हणाला, तेजसला पोहता येत नाही, म्हणून तो पुलावरून गेला की आजही मनात आकडे म्हणतो. आम्ही सगळे तेजसकडं बघत राहिलो. पुलावरून पडून मेलेल्या जादूगाराचा एवढा राग का आला होता, ते तेव्हा कळलं.

इम्रान मेला तेव्हा सुजाता बसली. इम्रान म्हणजे चौकातला हिरो, केसांना जेल, तोंडात कायम कुणाची तरी टिंगल. त्याच्याबद्दल तिनं सांगितलं, की त्याच्या अब्बांना लकवा झाल्यापासून हा रोज सकाळी त्यांची जुनी स्कूटर अंगणात चालू करतो आणि थोडा वेळ तशीच ठेवतो. अब्बांना तो आवाज ऐकायचा असतो. इम्रान लाजून मोबाइलमध्ये बघायला लागला. माहीत होतं, असं टेबलावरून कुणी म्हणालं नाही. काकांनी त्याचं बटण उचलून पुन्हा मध्ये ठेवलं.

सुजाता मेली तेव्हा तेजसनं सांगितलं, हिला पालीची भीती वाटते. आम्ही तिघंही एका सुरात म्हणालो, माहीत होतं. रोज रक्त बघणारी बाई पाल दिसली की स्टुलावर चढते, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. बिचारी पुन्हा एक रविवार गॅलरीत. दुसऱ्या वेळी जे निघालं ते तिनं टेबलापुरतंच सांगू दिलं, म्हणून इथं लिहीत नाही.

आणि मी. माझी चोर विहिरीत वाकली, हाव सुटली, पडली. तेजस माझ्याजवळ बसला. त्या पोरानं गोड बोलून माझ्याकडून काढून घेतलं, की मी दर बुधवारी दोऱ्याची रिळं आणायला गुलमंडीला जाते ते निमित्त असतं; तिथं एकटी बसून एक मोठा फालुदा खाते. नवऱ्याला साखर आहे, घरात गोड आणता येत नाही. एवढं सांगून झाल्यावर टेबल जे हसलं! पण मला का कोण जाणे, खूप हलकं वाटलं. घरी कुणाला सांगितलं नव्हतं मी ते.

अशी माणसं एकमेकांना कळत गेली. नियम काकांचा, चालायचा मात्र आमच्यात.

कारण खेळवणारा मरत नाही. त्याला गडीच नसतो. आम्ही सगळे आळीपाळीनं मेलो, गॅलरीत बसलो, उठलो. काका तेवढे टेबलाच्या कडेशी उभे राहून गोष्ट सांगायचे. गॅलरीतून हसू ऐकू आलं की त्यांचा आवाज आपोआप खाली यायचा, ऐकू यावं म्हणून. सोमवारी सकाळी दारात उभे राहून ते मला विचारायचे, काल तुम्ही दोघं एवढं काय बोलत होता? मी सांगायची. ते सगळं ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "बरं असतं नाय ताई, कुणी बसलं की." एकदा हे वाक्य असं काही म्हणाले, की माझा मशीनवरचा पाय थांबला. या माणसाजवळ कुणी बसलेलं मी कधी पाहिलंच नव्हतं. दूधवाला, वर्गणीवाले, पोस्टमन, सगळे उभ्या उभ्या बोलून जाणारे.

मग एका रविवारी त्यांनी तेजसला सांगितलं, आज तू खेळव, मी खेळतो. आम्हाला गंमत वाटली. गडी कोण घेणार म्हणून विचारलं तर म्हणाले, हमाल. तलवार नको, जादू नको, तुमचं सामान उचलीन आणि कंदील धरीन. मी त्यांच्यासाठी कोटाचं एक मोठं काळं बटण काढून दिलं.

सकाळी मी दुकान उघडताना वर बघितलं होतं. काका गॅलरीतल्या दोन्ही खुर्च्या ओल्या फडक्यानं पुसत होते. मग बेकरीतून खारी घेऊन आले. पांढरा शर्ट घातला होता, इस्त्रीचा. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं नाही. दुपारी आलं.

गोष्टीत आम्ही एका गुहेत होतो. समोर भलामोठा नाग झोपलेला. इम्रान आणि सुजाता कुजबुजत बेत करत होते की चवड्यांवर कसं जायचं. काका म्हणाले, मी पुढं होतो आणि त्याला उठवतो.

तेजस म्हणाला, "काका, मरताल ना."

"मरू दे की," काका म्हणाले आणि फासा टाकला. फासा जितका वाईट पडू शकतो तितका वाईट पडला. एवढं आनंदी तोंड मी त्यांचं कधी पाहिलं नव्हतं. "गेलो," म्हणाले. उठले, केसांवरून हात फिरवला आणि गॅलरीत जाऊन खुर्चीत बसले. आपणहून बसले. दुसरी खुर्ची त्यांनी जरा जवळ ओढून घेतली, हे मी आतून पाहिलं.

तेव्हा मला सगळं उमगलं. मी माझा कप उचलला आणि उठले.

पण माझ्याआधी पोरांची कुजबुज सुरू झाली होती. इम्रान म्हणाला, "काकाको बाहर बिठाते क्या? अच्छा दिखता नै." सुजातालाही ते बरं वाटेना, वडीलधारं माणूस, त्यांच्याच घरात त्यांना बाहेर काढायचं. तेजस खेळवणारा, त्याच्या हातात सत्ता. त्यानं जाहीर करून टाकलं की गुहेतली देवी प्रसन्न झाली आणि हमाल उठून बसला. मी म्हटलं, अरे थांबा, नियम आहे ना, मी बसते त्यांच्याजवळ. तर तिघंही माझ्याकडं असं बघायला लागले जसं मी काकांचा अपमानच करतेय. काकांना कसला नियम, ताई? आणि इम्राननं धावत जाऊन काकांना हाताला धरून आत आणलं. टाळ्या वाजवल्या. प्रेमानंच वाजवल्या हो, त्यात खोट नव्हती. आपल्याकडं ज्याला मान द्यायचा त्याला सगळ्यातून वगळतात, तसं झालं.

मी सरळ काकांनाच म्हणाले, काका, मी येते बाहेर, चला. काकांनी एकदा गॅलरीतल्या खुर्च्यांकडं पाहिलं, एकदा पोरांच्या तोंडाकडं.

"कशाला ताई, तुमचा डाव बुडंल," ते म्हणाले. "पोरं म्हणतात ना. झालो जिवंत."

खारी त्यांनी आम्हा सगळ्यांना वाटली. राहिलेल्या खेळात त्यांच्या हमालानं कुणाचं तरी गाठोडं उचललं, बाकी काही केलं नाही. मी संध्याकाळभर सगळ्यांवर चिडलेली होते. पोरांवर चिडले आणि काकांवर त्याहून जास्त. एवढं जिवाला लागलं होतं तर हक्कानं सांगायचं ना, बस जरा माझ्याजवळ म्हणून. पण हक्कानं सांगायची सवय लागायलाही माणूस लागतं, ते काकांना कुठं होतं?

दुसऱ्या दिवशी मी इम्रानच्या दुकानात जाऊन त्याला समजावलं. आधी त्याला कळेना. कळलं तेव्हा त्यानं हातातला मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाला, या रविवारी मीच बसतो, ताई.

तो रविवार आला नाही. त्या आठवड्यात काका जिन्यावरून घसरले. हाड शाबूत राहिलं, पण डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं की कडेचं दिसणं जवळजवळ गेलंय, एकटं ठेवू नका. कन्नडहून भाचा जीप घेऊन आला आणि काकांना थोड्या दिवसांसाठी म्हणून घेऊन गेला. जाताना माझ्या दारात थांबले, काही तरी बोलायचं होतं. भाचा म्हणाला, मामा, ऊन चढतंय. मग ते गेले.

रविवारी आम्ही चौघं काकांशिवाय टेबलाशी बसलो आणि एकमतानं ठराव केला की देवीचं प्रसन्न होणं रद्द, हमाल मेलेलाच आहे. इतक्या आपुलकीनं कुणी कुणाला मारलं नसेल. आता कुणीतरी त्यांच्याजवळ जाऊन बसायचं राहिलं होतं. इम्रानचं दुकान, तेजसची परीक्षा, सुजाताची ड्यूटी. मी म्हटलं, मी जाते.

कन्नडला बाजाराचा दिवस होता. स्टँडपासून विचारत विचारत घरी पोचले. भाचा देवमाणूस, त्याची बायकोही तशीच. काकांना पुढची खोली दिलेली, वेळेवर दूध, वेळेवर गोळ्या, समोर टीव्ही. मामांनी उठायचं नाही, सगळं हातात आणून द्यायचं. ज्या माणसाला मी स्टुलावर बसवू शकले नव्हते तो आता दिवसभर बसलेला होता. घरातली माणसं येता-जाता विचारत होती, मामा काही हवं का, आणि उत्तर यायच्या आत पुढं गेलेली असत. कामाची घरं अशीच असतात, त्यांना तरी काय बोलू?

मी टीव्ही बंद केला आणि खुर्ची त्यांच्या खुर्चीला लावून घेतली. म्हटलं, काका, टेबलानं तुम्हाला परत मारलंय. मी बसायला आलेय.

त्यांना लगेच समजलं. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली. मग सवयीप्रमाणं विचारायला लागले, दुकान कसंय, नवऱ्याची साखर कितीय, इम्रानचे अब्बा? मी एका शब्दात उत्तरं दिली आणि गप्प बसले. गप्प बसणं मला जमत नाही हे तुम्हाला एव्हाना कळलंच असेल, पण त्या दिवशी बसले. ऊन सरकत गेलं. बाजारातून बैलांच्या घुंगरांचा, भोंग्यांचा आवाज येत होता. बऱ्याच वेळानं काका म्हणाले, "ताई, एकदा मी स्टँडवर माझंच नाव पुकारलं होतं."

मला वाटलं काही गंमत सांगतायत. त्यांनी सांगितलं ते असं. स्टँडच्या गर्दीत माणसं चुकायची. बायको हरवली, म्हातारी हरवली, पोरगं हरवलं, की लोक खिडकीपाशी यायचे आणि काका पुकारायचे: अमुक-अमुक जिथं असतील तिथून चौकशीच्या खिडकीपाशी यावं, आपली माणसं वाट बघत आहेत. आणि ती यायची. धावत यायची. कुणी रडायचं, कुणी शिव्या द्यायचं, कुणी पोराच्या पाठीत धपाटा घालायचं, आणि सगळी मिळून निघून जायची. काचेच्या आतून हे काकांनी नोकरीभर पाहिलं. एका दिवाळीच्या गर्दीत, दुपारी, दोन गाड्यांच्या मध्ये जरा उसंत होती. तेव्हा त्यांनी माईक चालू केला आणि स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, सगळं नीट पुकारलं. आपली माणसं वाट बघत आहेत, असं शेवटी म्हणाले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. माईक बंद केला. केसं सारखी केली. आणि बाहेर येऊन खिडकीपाशी उभा राहिलो."

"कुणी होतं?"

"कोण असणार, ताई." ते हसले. "पण नाव लई मोठं वाजलं. पार शेवटच्या फलाटापर्यंत. मग आत गेलो, चाळीसगावची गाडी लागली होती."

मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि त्यांनी तो राहू दिला. भाच्याच्या बायकोनं दिवा लावला तोवर आम्ही तसेच बसलो होतो. निघताना मी नियमाप्रमाणं विचारलं, हे टेबलावर सांगू का? त्यांनी विचार केला.

"सांगा," म्हणाले. "आणि काय ठरलं ते कळवा. गडी उठला का नाय ते."

रविवारी मी सांगितलं. सुजाता मध्येच उठून गॅलरीत गेली आणि डोळे पुसून आली. हे मला माहीत होतं, असं कोण म्हणणार? तेजसनं काळं बटण उचलून गुहेच्या तोंडाशी ठेवलं. इम्रान म्हणाला, आत्ताच कळवतो, आणि भाच्याला फोन लावला. मामांचा आत्ताच डोळा लागलाय, झोपमोड नको, असं भाचा म्हणाला आणि निरोप विचारला. घाईत इम्रान आपलं नावही सांगायचं विसरला. तो म्हणाला, "त्यांना सांगा, ते जिवंत झाले." भाचा "सांगतो" म्हणाला आणि फोन बंद. आम्ही रडता रडता इतके हसलो, की खालून जाणाऱ्या माणसानं वर पाहिलं. तेजसची परीक्षा झाली की चौघांनी मिळून कन्नडला जायचं, असं ठरलं.

परीक्षा संपायच्या आधीच काका गेले. रात्री झोपेत. आम्हाला उशिरा कळलं. तेराव्याला मी गेले. भाचा डोकं भादरलेला, डोळे सुजलेले, खरंच रडला होता तो. मला आत बसवून सांगत राहिला, मामांनी कुणाला त्रास दिला नाही, शेवटपर्यंत खाणंपिणं व्यवस्थित होतं. मग म्हणाला, एकच घोकत होते. रोज संध्याकाळी विचारायचे, ताईंकडून काही कळलं का?

"मी म्हणायचो नाय, मामा, काय नाय कळलं," भाचा म्हणाला. "एकदा तेवढा कुण्या पोराचा फोन आला होता. म्हणे, त्यांना सांगा ते जिवंत झाले. असं बोलतात का हो आजारी माणसाबद्दल? मामा घाबरले असते. म्हणून मी सांगितलंच नाय. कुणाचा असंल तो फोन?"

त्याच्या तोंडाकडं बघितलं आणि मला खरं सांगवेना. आयुष्यभर त्याला ते टोचलं असतं.

"राँग नंबर असंल," मी म्हणाले.

त्यानं आग्रह करून जेवायला वाढलं, मी जेवले. परतीच्या गाडीत मला इतकं रडू आलं, की शेजारच्या अनोळखी बाईनं मला खिडकीची जागा दिली आणि स्टँड येईपर्यंत एक शब्द न बोलता ती माझ्याजवळ बसून राहिली.